विरजणातले जिवाणू आणि केमिस्टकडची प्रोबायोटिकची कुपी

निवळी

गेल्या महिन्यात बाबांच्या छातीत संसर्ग झाला. वय चौऱ्याहत्तर, त्यामुळे डॉक्टरांनी सात दिवसांचं अँटिबायोटिक दिलं. ताप दोन दिवसांत उतरला, पण चौथ्या दिवशी जुलाब सुरू झाले.

घरात लगेच तीन मतं. आई म्हणाली, दहीभात द्या, पोट ताळ्यावर येईल. आत्याचा फोन आला, खोकला असताना दही अजिबात नको. केमिस्टने प्लॅस्टिकच्या छोट्या कुप्या पुढे केल्या आणि म्हणाला, "दह्यातलेच जंतू आहेत ताई, फक्त जास्त."

रात्री बाबांचा डोळा लागल्यावर कुपीवरची बारीक अक्षरं वाचली. बॅसिलस क्लॉसी, बीजाणू २०० कोटी. हा दह्यातला जिवाणूच नाही. बीजाणू करून तग धरणाऱ्या, मातीत सापडणाऱ्या कुळातला आहे. म्हणजे केमिस्टचं वाक्य अर्ध्यातच चुकलं होतं. तेव्हापासून जे मिळेल ते वाचते आहे. मी सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी केलंय, पण नंतर वीस वर्षं शाळेत शिकवलं, तेव्हा कुठे चुकले तर जाणकारांनी सांगावं.

गोष्ट सुरू होते १९०५ मध्ये, जिनिव्हात. स्टामेन ग्रिगोरोव्ह नावाचा बल्गेरियाचा तरुण तिथे वैद्यक शिकत होता. गावाकडचं दही त्याने सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं आणि त्यातला काडीसारखा जिवाणू वेगळा काढला. आज त्याला लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस म्हणतात. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या एली मेचनिकॉफ यांनी तो धागा उचलला. पेशी जंतूंना गिळतात या शोधासाठी त्यांना १९०८ चं नोबेल मिळालं, इतका मोठा माणूस. त्यांचं म्हणणं असं, की मोठ्या आतड्यात अन्न कुजतं, त्यातून विषं तयार होतात आणि म्हातारपण लवकर येतं. आंबट दुधातले जिवाणू ही कूज थांबवतात. बल्गेरियातल्या खेड्यांत शंभरी गाठलेली माणसं पुष्कळ, याकडे त्यांनी बोट दाखवलं. स्वतः रोज आंबवलेलं दूध प्यायचे. पुढे कळलं, की बल्गेरिकस माणसाच्या आतड्यात वस्तीच करत नाही. तो पाहुणा आहे, येतो आणि जातो.

इथेच माझा मुद्दा आहे. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी प्रोबायोटिकची व्याख्या केली: पुरेशा प्रमाणात दिले असता आरोग्याला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव. यातला प्रत्येक शब्द मोलाचा आहे. जिवंत हवेत, पुरेसे हवेत, आणि फायदा दाखवलेला हवा. तो फायदा वाणागणिक बदलतो. हापूस आणि रायवळ दोन्ही आंबेच, पण एकाची चव दुसऱ्याच्या पेटीवर लिहून विकता येत नाही, तसंच हे. आपल्या विरजणात कुठले वाण आहेत, किती आहेत, हे कुणी मोजलेलं नसतं. म्हणून घरचं दही हे उत्तम अन्न आहे असं मी ठामपणे म्हणेन, पण ते अमुक आजारावरचं प्रोबायोटिक आहे असं म्हणणार नाही.

अँटिबायोटिकमुळे होणाऱ्या जुलाबांबद्दल मात्र बऱ्यापैकी पुरावा आहे. कॉक्रन ही जगभरच्या वैद्यकीय चाचण्या एकत्र तोलून बघणारी संस्था. तिच्या २०१९ च्या आढाव्यात मुलांवरच्या ३३ चाचण्या एकत्र केल्या. प्रोबायोटिक न घेणाऱ्यांत १९ टक्के मुलांना जुलाब झाले, घेणाऱ्यांत ८ टक्के. त्यात सगळ्यात भरवशाचे ठरले लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी आणि सॅकरोमायसीस बुलार्डी. हा दुसरा तर जिवाणूही नाही, यीस्ट आहे, म्हणून अँटिबायोटिक त्याला मारत नाही.

तुमच्याकडे काय अनुभव?

---

कोकणकन्या

निवळीताई, फार दिवसांनी असा धागा आला. वैज्ञानिक भाग शांतपणे परत वाचीन. मला घरचा प्रश्न विचारायचाय.

आमच्याकडे विरजण आजेसासूबाईंपासूनचं आहे असं सासूबाई सांगतात. रोज रात्री मातीच्या सुगडात लावायचं, सकाळी कवडी पडायची. चमचा घातला की काचेसारखा काप निघायचा आणि कडेला पिवळसर निवळी जमायची. या पावसाळ्यात काय झालं कुणास ठाऊक, चमचा उचलला की दही तारेसारखं लोंबतं. गुळाचा पाक दोन बोटांत धरून बघतो ना, तश्शी तार. चव ठीक, वास ठीक. सासूबाई म्हणतात विरजण बिघडलं, टाका. माझा हात धजत नाही. तीन पिढ्यांचं आहे. टाकू का?

---

डेअरीवाला

ताई, एवढ्यात टाकू नका. मी दुग्धतंत्रज्ञान शिकून अकरा वर्षं एका डेअरीत विरजण विभाग सांभाळला, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

तार दोन कारणांनी येते. एक, लॅक्टोकॉकस या दही लावणाऱ्या जिवाणूचे काही वाण स्वतःच साखरेच्या लांब साखळ्या बनवून बाहेर सोडतात. दही लिबलिबीत होतं, पण खायला बाधत नाही. फिनलंडचं 'विली' आणि स्वीडनचं 'लाँगफिल' ही दही मुद्दाम अशीच लावतात, तारेलाच तिथे मान आहे. दुसरं कारण वाईट. दमट हवेत पाण्यातले, हातावरचे, फडक्यावरचे जिवाणू शिरतात आणि तेही चिकटपणा आणतात. ओळखायचं असं: दह्यात बुडबुडे किंवा भोकं दिसली, निवळी गढूळ झाली, वास शिळ्या फडक्यासारखा आला, गुलाबी वा हिरवट ठिपका दिसला, की एक चमचाही चाखू नका, सगळं टाका. यातलं काही नसेल तर पुढे सांगतो ते करा.

दूध नुसतं तापवू नका, उकळी आल्यावर मंद आचेवर दहा मिनिटं ठेवा आणि ढवळत राहा. त्यातले परके जंतू मरतातच, शिवाय निवळीतली प्रथिनं उलगडून केसिन या दुधातल्या मुख्य प्रथिनाला चिकटतात, त्यामुळे दही घट्ट लागतं आणि पाणी कमी सुटतं. आपल्या आज्या दूध आटवून दही लावायच्या त्यामागचं कारण हेच. मग करंगळी दहा सेकंद सुखाने ठेवता येईल इतकं निवू द्या. विरजण वरच्या सायीचं घेऊ नका, चमचा मधे खोल घालून आतलं घ्या. अर्धा लिटरला एक छोटा चमचा पुरे. सुगड एक दिवस कडक उन्हात किंवा ओव्हनमध्ये वाळवा, मातीच्या छिद्रांत जुनं दही बसलेलं असतं. चार दिवस स्टीलच्या डब्यात लावून बघा.

आता निवळीताईंच्या मुद्द्यात थोडी भर. ज्याला जगभर योगर्ट म्हणतात त्यात दोनच ठरलेले जिवाणू असतात, बल्गेरिकस आणि स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस. दोघांना ४२ अंशांच्या आसपासची ऊब लागते. त्यांची जोडी बघण्यासारखी आहे. थर्मोफिलस आधी वाढतो आणि फॉर्मिक आम्ल, कार्बन डायऑक्साइड सोडतो, ते बल्गेरिकसला हवं असतं. बल्गेरिकस दुधातली प्रथिनं तोडून छोटे तुकडे करतो, ते थर्मोफिलसला हवे असतात. वेगवेगळे लावले तर जेवढं आम्ल तयार होईल, त्याहून एकत्र लावल्यावर लवकर होतं. दुधाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) ६.६ च्या आसपास असतो, तो ४.६ वर आला की केसिनचे कण एकमेकांना धरतात आणि दही बसतं.

घरच्या दह्यात बहुतेक वेळा वेगळी मंडळी असतात. लॅक्टोकॉकस, ल्युकोनोस्टॉक वगैरे, ज्यांना २५ ते ३० अंश पुरतात. ताज्या दह्याला लोण्यासारखा जो वास येतो तो डायअसिटिल नावाच्या द्रव्याचा, आणि तो यांच्यातल्याच काहींची देणगी. ऋतू बदलला, दुधाची गरमी बदलली, की कोण जास्त वाढतो तेही बदलतं. म्हणून तीन पिढ्यांचं विरजण असलं, तरी आतले रहिवासी तेच असतील असं नाही.

---

दूरदेशी

हे वाचून मला माझ्या दह्याचं कोडं उलगडलं. मी गेली सहा वर्षं म्युनिकला आहे. पहिल्या थंडीत दही लागायचंच नाही. स्वयंपाकघरात १८ अंश, सकाळी उठून बघावं तर दूध तसंच. रडू यायचं अक्षरशः. आता ओव्हनचा फक्त दिवा लावून आत पातेलं ठेवते, वर जाड टॉवेल. सात तासांत लागतं.

विरजण इथल्या दुकानातल्या साध्या योगर्टचं घेते. पण पुण्याच्या दह्याचा तो वास कधीच येत नाही, आणि चौथ्या-पाचव्या खेपेला दही पातळ होतं. मला वाटायचं दूध वेगळं म्हणून. डेअरीवाले दादांमुळे कळलं, की जिवाणूच वेगळे आहेत.

---

डेअरीवाला

बरोबर. आणि खेपेगणिक विरजण दमतं, कारण योगर्टच्या त्या दोन जिवाणूंचं प्रमाण बिघडतं. चार-पाच खेपांनी नवं घेणं उत्तम.

आणखी एक शत्रू असतो, फाज. जिवाणूंना खाणारा विषाणू. नोकरीतली एक रात्र मी विसरणार नाही. पाच हजार लिटरच्या टाकीत संध्याकाळी विरजण सोडलं. एरवी दोन तासांत पीएच उतरायला लागतो. त्या रात्री दर अर्ध्या तासाला नमुना काढत होतो आणि काटा ६.३ वर अडलेला. चार तासांनी टाकीचं झाकण उघडलं तर दूध दुधासारखंच, वरून हात फिरवला तर कोमट पाणी वाटावं. सगळं वाया गेलं. फाजने विरजण खाऊन टाकलं होतं.

आता गंमत नव्हे, इतिहास सांगतो. याच अडचणीतून विज्ञानाला फार मोठं काही मिळालं. २००७ मध्ये डॅनिस्को कंपनीतले रोडोल्फ बारांगू, फिलिप होर्वाथ आणि सहकाऱ्यांनी थर्मोफिलसवर दाखवून दिलं, की जिवाणू फाजच्या जनुकाचा तुकडा आपल्यात साठवून ठेवतो आणि पुढच्या हल्ल्यात त्यावरून शत्रू ओळखतो. ही क्रिस्पर यंत्रणा. तिच्यावरून जी जनुकीय कात्री बनली तिला २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, एमान्युएल शार्पांतिए आणि जेनिफर डाउडना यांना. प्रयोगात जिवाणू कुठला होता, तर दह्यातला. मला याचा फार अभिमान वाटतो.

---

पेठकर

सगळं वाचलं. एक शंका आहे, राग मानू नये. जठरात एवढं आम्ल, त्यात दह्यातले बहुतेक जिवाणू मरतात. उरले ते वस्ती करत नाहीत, असं निवळीताईच म्हणतात. मग फायदा नेमका कशाचा? प्रथिनं आणि कॅल्शियम तर दुधातही आहेत.

---

निवळी

पेठकर, याच प्रश्नाचं उत्तर मला सगळ्यात आवडतं.

दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती फोडायला लहान आतड्यात लॅक्टेज हे विकर (एन्झाइम) हवं. आपल्यापैकी पुष्कळांच्या शरीरात लहानपणानंतर ते कमी होत जातं, मग दूध प्यायलं की पोट फुगतं, गुडगुडतं, कधी जुलाब होतात. दह्यात लॅक्टोज संपलेलं नसतं, साधारण पाव भागच कमी होतं. तरी दही पचतं. कसं? जिवाणूंकडे लॅक्टोज फोडणारं स्वतःचं विकर असतं. त्यांची पेशी त्या विकराला जठराच्या आम्लातून सांभाळून नेते. पुढे लहान आतड्यात पित्ताशी गाठ पडली की पेशीचं आवरण सैल होतं आणि विकर कामाला लागतं. म्हणजे वस्ती करायची गरजच नाही. वाटेवर असतानाच काम होतं.

युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने प्रोबायोटिकबद्दलचे बहुतेक दावे पुरावा अपुरा म्हणून फेटाळले, पण २०१० मध्ये हा एक मान्य केला. अट अशी, की दर ग्रॅमला किमान १० कोटी जिवंत जिवाणू हवेत. हा मान योगर्टच्या त्या दोन जिवाणूंना मिळाला, हेही ध्यानात ठेवायला हवं.

---

साखरभात

माझं आयुष्यच लिहिलंत ताई. चाळिशीपर्यंत मला वाटायचं माझं पोटच नाजूक. सकाळी चहा, वर पेलाभर दूध, आणि दहा वाजता ऑफिसात पोटात गोळा. सगळ्या तपासण्या झाल्या. शेवटी एका डॉक्टरांनी विचारलं, दूध सोडून बघितलंत का? आठ दिवसांत फरक. ताक मात्र वाटीवर वाटी पितो, काही होत नाही. आईला वाटतं मी नखरे करतो. हा प्रतिसाद तिला वाचून दाखवणार आहे.

---

कढीपत्ता

मग कढीत काय उरतं?

आणि रात्रीच्या दह्याचं काय? चरकसंहितेतही रात्री दही खाऊ नये असं आहे ना?

---

निवळी

कढी उकळली की जिवाणू मेले आणि विकरही गेलं. प्रथिनं, कॅल्शियम, चव सगळं शिल्लक. कढी कढी म्हणूनच खावी. फोडणी ताकात घालून न उकळता मठ्ठा केला तर जिवाणू बरेचसे राहतात.

चरकसंहितेत रात्री दही नको असं आहे, आणि त्याच श्लोकात दही गरम करून खाऊ नये, तूप-साखरेशिवाय, मुगाच्या कढणाशिवाय वा आवळ्याशिवाय खाऊ नये असंही आहे. आपण पहिला भाग तेवढा पाळतो. ज्यांना रात्री दह्याने घसा धरतो त्यांनी टाळावं, एवढं माझं मत. आत्याचं मीही ऐकलं, बाबांना दही दुपारीच दिलं.

---

रात्रपाळी

मी नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पहिली आनंदाची, आणि आपल्या देशातली. ओडिशातल्या खेड्यांत पिनाकी पाणिग्रही आणि सहकाऱ्यांनी ४,५५६ नवजात बाळांवर चाचणी केली, २०१७ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आली. अर्ध्या बाळांना सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लँटारमचा निवडलेला वाण आणि त्या जिवाणूचं खाद्य दिलं. दोन महिन्यांत रक्तातला जंतुसंसर्ग किंवा मृत्यू यांचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आलं. आमच्या विभागात एक बाळ वाचलं तरी आम्ही पेढे वाटतो. हे आकडे वाचून डोळ्यांत पाणी आलं होतं.

पण ती बाळं पुरेशा वजनाची, स्तनपान घेणारी होती आणि वाण वर्षानुवर्षं पारखून निवडलेला होता. दह्याचं बोट बाळाला चाटवणं याच्याशी त्याचा संबंध नाही. सहा महिन्यांपर्यंत आईचं दूधच, कृपा करून. मुदतीपूर्वी जन्मलेल्या बाळांना प्रोबायोटिक देण्याबाबत अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या औषध नियामक संस्थेने) २०२३ मध्ये इशारा दिला आहे, कारण जिवाणू रक्तात शिरून गंभीर संसर्ग होऊ शकतो.

दुसरी गोष्ट मोठ्यांची. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाच्या २९८ रुग्णांवर चाचणी झाली, २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रोबायोटिक दिलेल्यांत १६ टक्के दगावले, न दिलेल्यांत ६ टक्के. केमोथेरपी चालू आहे, मानेत सलाईनची मोठी नळी आहे, प्रतिकारशक्ती खालावली आहे, अशा माणसाला डब्यातून "चांगले जंतू" नेऊ नका. आधी डॉक्टरांना विचारा.

---

पेठकर

लॅक्टोजचं पटलं. रात्रपाळीताई, तुमचा प्रतिसाद आईला आणि वहिनीला पाठवला.

आता माझ्याकडून एक भर. मोठा कोलकात्याचा अभ्यास आहे, तिथल्या राष्ट्रीय कॉलरा व आंत्ररोग संस्थेचा. झोपडवस्तीतल्या १ ते ५ वर्षांच्या ३,७५८ मुलांना बारा आठवडे जपानी शिरोटा वाणाचं पेय किंवा साधं पेय दिलं. जुलाब १४ टक्क्यांनी कमी झाले. चांगलं आहे, पण १४ टक्के. शुद्ध पाणी आणि संडास यांची जागा त्या बाटलीने घेऊ नये. शिवाय २०१८ मध्ये अमेरिका आणि कॅनडात जुलाब सुरू झालेल्या मुलांवर दोन मोठ्या चाचण्या झाल्या, त्यांत काहीच फायदा दिसला नाही. त्यांतल्या एकीत तोच ऱ्हॅम्नोसस जीजी होता.

---

निवळी

अगदी हेच. अँटिबायोटिकने होणारे जुलाब टाळायला जो उपयोगी, तोच वाण पोटाच्या संसर्गाने सुरू झालेल्या जुलाबांत निरुपयोगी ठरला. म्हणून पाकिटावर नुसतं "प्रोबायोटिक" वाचून घेऊ नका. वाणाचं पूर्ण नाव आहे का, अक्षरं-आकड्यांसकट? संख्या बनवतानाची दिली आहे की मुदत संपेपर्यंतची? आणि कशासाठी घेताय?

एक गोष्ट माझ्या आधीच्या आनंदावर पाणी टाकणारी आहे, तीही सांगते. २०१८ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेने अँटिबायोटिक घेतलेल्या माणसांना ११ वाणांचं प्रोबायोटिक दिलं. त्यांच्या आतड्यातले मूळचे जिवाणू परतायला काहीच न घेणाऱ्यांपेक्षा उशीर लागला. माणसं थोडी होती, पण दुर्लक्ष करण्यासारखं नाही.

बाबांचं पुढे काय झालं तेही सांगते. मी डॉक्टरांना पुन्हा फोन केला. त्यांनी आधी विचारलं, रक्त पडतंय का, ताप परत आलाय का. दोन्ही नव्हतं. क्षार-साखरेचं पाणी चालू ठेवा, अँटिबायोटिक पूर्ण करा, यीस्टवाली पुडी पाच दिवस द्या आणि दुपारी वाटीभर ताजं दही भाताबरोबर, असं म्हणाले. तीन दिवसांत थांबलं. पुडीमुळे, दह्यामुळे की आपोआप, हे एका माणसावरून मी सांगू शकत नाही.

---

कोकणकन्या

डेअरीवाले दादा, तुम्ही सांगितलं तसं केलं. सुगड तीन दिवस उन्हात, पाऊस नेमका थांबला होता. दूध दहा मिनिटं उकळवलं, विरजण मधून घेतलं, स्टीलच्या डब्यात लावून डबा तांदळाच्या पिंपात ठेवला. पहिल्या दिवशी तार होतीच. दुसऱ्या दिवशी बारीक. आज पाचवा दिवस, चमचा घातला तर काप निघाला, कडेला स्वच्छ निवळी. सासूबाईंनी स्वतः वाटी पुढे केली. उद्यापासून परत सुगडात लावणार आहे, आणि एक चमचा विरजण वेगळ्या डबीत फ्रीजरमध्ये ठेवलंय.

---

डेअरीवाला

फार छान. फ्रीजरमधलं महिन्याभरात वापरा आणि नवं ठेवा. फार दिवस राहिलं तर पुष्कळसे जिवाणू मरतात, दही लागायला वेळ लागेल.